तहानेचा हक्क आणि वाट्याचा हक्क

जे आपल्या मालकीचं नाही, त्यावर आपला काही हक्क असतो का? प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो. हक्क म्हणजे मालकी, असंच बहुतेक जण धरून चालतात. शेत माझं म्हणून पीक माझं, विहीर माझी म्हणून पाणी माझं. ज्याच्याकडे काही नाही त्यानं मागावं आणि ज्याच्याकडे आहे त्यानं मर्जी झाली तर द्यावं. या देण्याला आपण खैरात म्हणतो, सदका म्हणतो, सवाबाचं काम म्हणतो. पण घेणाऱ्याचा तो हक्क होता, असं म्हणायला आपली जीभ सहसा वळत नाही.

या प्रश्नाकडे नीट पाहण्याची संधी आम्हा उभयतांना ओमानमधल्या एका लहान गावात मिळाली. कोकणातल्या वाचकांना आखात नवं नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात असा मोहल्ला शोधून सापडणार नाही, जिथलं कोणी ना कोणी तिकडे राहून आलेलं नाही. पण आपल्या लोकांचं आखात म्हणजे मस्कत, दुबई, कुवेत, दोहा. उंच इमारती, मॉल, वातानुकूलित गाड्या आणि महिन्याच्या शेवटी घरी पाठवायचे पैसे. आम्ही ज्या गावात काही वर्षं शिकवलं, ते या सगळ्यापासून दूर आहे. मस्कतहून निझवाकडे जाताना सुमारे दीड तासावर, जबल अख्दर या डोंगराच्या पायथ्याशी बिरकत अल मौज नावाचं गाव आहे. या नावाचा अर्थ केळ्यांचं तळं. भोवती करडे, उघडे डोंगर, आणि त्यांच्या कुशीत खजुराच्या आणि केळीच्या दाट बागा. जून महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, पावसाचा महिनोन्‌महिने पत्ता नसतो, तरीही केळीच्या पानाला तजेला असतो. कोकणातल्या माणसाला केळीचं नवल नाही. पण केळ इथे कशी, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

त्याचं उत्तर गावातून वाहणाऱ्या पाटात आहे. ओमानी लोक त्याला फलज म्हणतात, अनेकवचन अफलाज. डोंगराच्या पायथ्याशी जिथे भूजल सापडतं तिथे एक खोल विहीर खोदतात. तिला ‘उम्म अल फलज’, म्हणजे फलजची आई म्हणतात. तिथून जमिनीखाली अगदी मंद उताराचा बोगदा गावाच्या दिशेनं कोरत आणतात. मध्ये मध्ये हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उभी विवरं ठेवतात. ना मोट, ना पंप. केवळ उताराच्या जोरावर पाणी गावाशी येऊन उघड्यावर वाहू लागतं. असे सुमारे 3000 अफलाज ओमानमध्ये आजही वाहते आहेत. त्यांतल्या पाचांना युनेस्कोनं 2006 मध्ये जागतिक वारसा ठरवलं, आणि त्या पाचांत आमच्या गावचा फलज अल खतमैन आहे. गावातले वयस्क लोक सांगतात, की हजरत सुलेमान एकदा ओमानवरून जात होते, कोरडी जमीन पाहून त्यांना दया आली आणि त्यांनी जिनांना कामाला लावून दहा दिवसांत दहा हजार फलज खोदवले. आम्हाला मात्र या बोगद्यांत जिनांपेक्षा माणसाच्या हाताचे घाव जास्त दिसत. ज्यांनी डोंगर कोरला त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

आमच्यापैकी एक जण गणित शिकवी, दुसरी इंग्रजी. शाळा संपवून पदवीच्या आधीच्या वर्षाला आलेल्या मुलामुलींना अपूर्णांक पुन्हा शिकवावे लागत. पुस्तकात पिझ्झाचे तुकडे काढलेले होते. मुलं कंटाळून बसत. एके दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “हे आमच्या अथरसारखंच आहे.” मग फळ्याजवळ येऊन त्यानं वर्गाला जे समजावलं, ते आम्हीही शिकलो. फलजचं पाणी मापानं मोजत नाहीत, वेळेनं मोजतात. अथर म्हणजे साधारण अर्ध्या तासाचं पाणी. 24 अथर मिळून एक बाद्दा, म्हणजे दिवसाचं किंवा रात्रीचं पाणी. आणि एका अथरचे पुन्हा 24 भाग, त्याला कियास म्हणतात. पूर्वी दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवर आणि रात्री ठरावीक ताऱ्यांच्या उगवण्यावर ही वेळ मोजत. आता बहुतेक ठिकाणी मनगटावरचं घड्याळ आलं आहे, पण हिशोबाची भाषा तीच राहिली आहे.

24 हाच आकडा का सोयीचा, हे त्या तासाला फळ्यावरच उलगडलं. आपल्या वारसाहक्काच्या कायद्यात जे सहा हिस्से येतात, म्हणजे निम्मा, पाव, अष्टमांश, दोन तृतीयांश, एक तृतीयांश आणि षष्ठांश, ते सगळे 24 मधून पूर्णांकात निघतात: 12, 6, 3, 16, 8 आणि 4. बाप गेला, अथर मुलांमुलींत वाटले गेले, त्यांची मुलं झाली, पुन्हा वाटले गेले, तरी हिशोब अडत नाही. एखाद्या म्हातारीच्या वाट्याला आठवड्यातून काही मिनिटांचंच पाणी येतं, पण ते तिचं असतं. ते ती विकू शकते, भाड्यानं देऊ शकते, आणि तिच्या पाळीच्या वेळेत गावातल्या सर्वांत मोठ्या बागायतदाराचीही त्या पाण्याला हात लावायची छाती होत नाही. हा हिशोब ठेवायला फलजचा वकील असतो, पाळी सांगणारे आरिफ असतात, दप्तर लिहिणारा कातिब असतो. गावातल्या बैत अल रुदैदा या जुन्या गढीजवळ पाणी तीन सारख्या प्रवाहांत विभागलं जातं. तीनही पाट सारखेच भरून वाहताना पाहिले, की इन्साफ हा शब्द डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं.

पण आमच्या मते या व्यवस्थेतली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट वाटणीच्या अचूकपणात नाही. ती वाटणी सुरू होण्याच्या आधी आहे.

पाणी बोगद्यातून जिथे प्रथम उजेडात येतं, त्या जागेला ‘शरिया’ म्हणतात. धर्मशास्त्राचं नाव म्हणून आपण हा शब्द ऐकतो. पण अरबीत त्याचा मूळ अर्थ पाणवठ्याकडे जाणारी वाट असा आहे. या पहिल्या जागी कोणीही यावं, प्यावं, घागर भरावी. तिथे हात धुवायचे नाहीत, साबण लावायचा नाही, जनावर उतरवायचं नाही. त्याच्या खाली मशिदीचं वजूचं पाणी. त्याच्या खाली पुरुषांची आणि बायकांची न्हाण्याची वेगवेगळी जागा, कपडे-भांडी धुण्याची जागा, कित्येक गावांत मयताला गुसल देण्याची जागाही. हे सगळं झाल्यावर पाणी बागेत शिरतं, आणि अथरांचा हिशोब तिथून पुढे लागू होतो. म्हणजे ज्याचे शंभर अथर आहेत आणि ज्याचा एक कियासही नाही, ते दोघे या पहिल्या जागी एकाच रांगेत उभे असतात. आज घरोघरी नळ आले आहेत, पिण्यासाठी पाटावर जाणारे थोडे. तरीही वरच्या अंगाला साबण घेऊन बसलेला माणूस आम्ही कधी पाहिला नाही.

फिकहच्या ग्रंथांत याला दोन वेगळी नावं आहेत. पिण्याचा, म्हणजे माणसाची आणि जनावराची तहान भागवण्याचा हक्क तो शफा. शेतीला पाणी देण्याचा हक्क तो शिर्ब. शिर्ब विकत घेता येतो, वारसानं मिळतो, वाद झाला तर काजीपुढे नेता येतो. शफाला मालक नाही. तहानलेला माणूस परका आहे, काफिला चुकलेला आहे, दुसऱ्या धर्माचा आहे, यानं त्यात फरक पडत नाही. पाणी, चारा आणि विस्तव यांत सर्व माणसांचा वाटा आहे, या पैगंबरांच्या शिकवणीवर हा सगळा विचार उभा आहे. आपल्याकडे मोहरमच्या दिवसांत सबील लावतात, ती याच विचाराची आठवण. ओमानमध्ये ही सबील बारमाही दिसते. घराच्या कुंपणाला बाहेरच्या बाजूनं थंड पाण्याचं यंत्र बसवलेलं असतं, तोंड रस्त्याकडे. दुपारी कॉलेजातून परतताना आम्ही किती जणांच्या भिंतींवर पाणी प्यालो त्याची मोजदाद नाही. त्यांतल्या बऱ्याच घरांतलं कोण राहतं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि आभार मानायला दार वाजवावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. दान घेताना माणूस थोडा वाकतो. इथे वाकावं लागत नव्हतं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण हा लेख एवढ्यावर थांबवला तर तो खरा होणार नाही.

संध्याकाळी आम्ही बागेतून फिरायला जायचो. पाटाच्या फाट्यावर दगड आणि फडक्यांचा बोळा लावून पाणी अडवलेलं असे. तो बोळा काढून पाणी दुसऱ्या चारीत वळवणारी माणसं जवळजवळ सगळी बांगलादेशी. त्यांतला चितगावकडचा एक जण आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलायचा. तो तीन मालकांच्या बागा सांभाळी. कुणाचे किती अथर, कुणाची पाळी कुठल्या वारी रात्री किती वाजता, कुणी कुणाला उसनं पाणी दिलं आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ. मालकांपैकी दोघे मस्कतला सरकारी नोकरीत, तिसऱ्याला आपली पाळी कधी येते हे त्यालाच विचारावं लागे. आम्ही एकदा सहज विचारलं, “यात तुमचं किती पाणी?” तो हसला. म्हणाला, “आमचं पाणी तिकडे आहे, साहेब. पुराचं.”

पाळी सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःची पाळी नाही. त्याला प्यायला कोणी अडवणार नाही. शफा त्याचा आहे. रमजानमध्ये मशिदीच्या अंगणात त्याच्या पुढे इफ्तारचं ताट येई, आणि त्याचा खर्च बऱ्याच ठिकाणी वक्फ केलेल्या पाण्याच्या आणि खजुराच्या उत्पन्नातून होतो. पण त्याचं राहणं एका मालकाच्या सहीवर अवलंबून. 2014 पासून अशी अट होती, की नोकरी सोडून दुसरीकडे जायचं तर जुन्या मालकाचं ना हरकत पत्र हवं. ते नसेल तर दोन वर्षं त्या देशात परत येता येत नसे. 1 जानेवारी 2021 पासून करार संपल्यावर या पत्राची गरज उरली नाही, हा मोठाच बदल. आमच्यासारख्या शिक्षकांचीही स्थिती जातीनं तीच होती, फक्त पगार आणि खुर्ची बरी. आम्हालाही तहानेचा हक्क होता, वाट्याचा नव्हता. फरक एवढाच, की आमचा वाटा मायदेशी शाबूत होता. त्याचा वाटा तिकडेही नदीनं खाल्ला होता.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी डोंगर कोरला, पिढ्यान्‌पिढ्या गाळ उपसला, वाद मिटवले, त्यांच्या वंशजांनाच वाटा मिळणार ना? आल्यागेल्या प्रत्येकाला वाटा दिला तर फलजची काळजी कोण घेईल? जे सर्वांचं असतं ते कोणाचंच उरत नाही, हा अनुभव आपल्याही गावच्या विहिरींचा आहे. शिवाय मजूर पगार ठरवून आला आहे. त्याला कोणी फसवलेलं नाही. हे सगळं मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. वाटा जर मेहनतीतून जन्मला असेल, तर मेहनत करणारे हात बदलल्यावर तो हातांबरोबर का जात नाही? पहिल्या पिढीला घामानं जे मिळालं, ते दहाव्या पिढीला केवळ जन्मानं मिळत असेल, तर त्याला न्याय म्हणायचं की सवय?

फलजच्या व्यवस्थेतच या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आहे. सगळं पाणी घराण्यांत वाटून टाकलेलं नसतं. काही अथर खुद्द फलजच्या नावावर असतात. त्यांचा लिलाव होतो आणि आलेल्या पैशातून डागडुजी होते. काही मशिदीचे, काही मदरशाच्या उस्तादाचे, काही गरिबांचे. म्हणजे वारसाबाहेरच्यांसाठी हिस्सा राखून ठेवण्याची कल्पना जुन्या लोकांना सुचली होती. त्यांनी दुष्काळासाठीही नियम करून ठेवला. पाणी कमी झालं की शेवटच्या टोकाची हंगामी शेती पडीक ठेवायची आणि खजुराला पाणी द्यायचं, कारण गहू पुढच्या वर्षी पेरता येतो, मेलेलं झाड उभं राहायला अनेक वर्षं लागतात. ज्यांनी एवढा पुढचा विचार केला, त्यांच्या वारसांना आणखी एक पाऊल टाकणं अवघड नसावं.

आणि आता आपल्या घराकडे पाहू. परदेशातल्या व्यवस्थेचे दोष मोजणं सोपं असतं.

महाड रत्नागिरीपासून लांब नाही. तिथल्या चवदार तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरंढोरं पाणी पीत. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला मनाई होती. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला होता, नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचं ठरवलं होतं, तरी प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह जावं लागलं. त्यानंतर त्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, ही नोंद आपल्याला समाधान देणारी आहे. उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल उजाडलं. त्या सबंध काळात शफाचा हक्क आपल्या किताबांत लिहिलेला होता आणि आपल्या पूर्वजांना त्या तळ्यावर कोणी अडवत नव्हतं. शेजारचा माणूस तहानलेला परत जातो आहे, हा आपल्याही दीनचा प्रश्न आहे, असं किती घरांत बोललं गेलं असेल? आपल्याला पाणी मिळतं म्हणून पाणवठा न्यायाचा ठरत नाही.

शफाच्या पुढे जाऊन वाट्याचा प्रश्नही महाराष्ट्रात कोणी तरी सोडवायला घेतला होता. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचं नाही, कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात वाटायचं, असं ठरलं. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढं. उसासारखं पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ज्याच्याकडे एक गुंठा नाही त्याचाही पाण्यात वाटा, ही गोष्ट फलजच्या शेकडो वर्षांच्या हिशोबातही अशी सरळ लिहिलेली नाही. सासवडच्या माळावरच्या त्या माणसांनी तहानेचा हक्क आणि वाट्याचा हक्क यांच्यामधली भिंत थोडी तरी खाली आणली.

आमच्या कोकणात मात्र आखातच्या पैशानं ती भिंत वाढते आहे. बंगला बांधला की बोअर मारायची, हे आता ठरूनच गेलं आहे. मे महिन्यात मोहल्ल्याची जुनी विहीर तळाला जाते, वाडीतल्या बायका टँकरची वाट पाहतात, आणि वर्षातून तीन आठवडे उघडणाऱ्या बंगल्याच्या बागेत नळी सोडलेली असते. कायद्यानं जमिनीखालचं पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. महाराष्ट्रानं 1993 मध्ये कायदा करून पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला मनाई केली. पण तो कायदा किती गावांत कुणाला आठवला? ओमानमध्ये फलजच्या आईभोवती ‘हरीम’ असतो. त्या हद्दीत कितीही पैसेवाला असो, स्वतःची विहीर खोदू शकत नाही. जिथे हा नियम ढिला पडला आणि पंप आले, तिथले फलज आटले. जमिनीखाली कुंपण नसतं, हे त्यांना फार पूर्वी कळलं होतं. आपली माणसं आयुष्यभर त्या देशात राबून आली. सोनं आणलं, टीव्ही आणले, घराचे नकाशे आणले. हरीमची कल्पना मात्र कोणाच्या सामानातून आली नाही.

सबील लावणं सोपं आहे, आणि ती लावायलाच हवी. पण आपली विहीर खोल करून शेजाऱ्याची कोरडी पाडायची आणि मग दारात त्याच्यासाठी थंड पाण्याचा माठ ठेवायचा, याला सवाब म्हणताना मन कचरलं पाहिजे. तहानेचा हक्क मान्य केला, की माणूस जगतो. वाट्याचा हक्क मान्य केला, तरच तो आपल्याबरोबर बसून पाण्याचा निर्णय घेऊ शकतो. पहिली गोष्ट आपल्या परंपरेनं आपल्याला शिकवून ठेवली आहे. दुसरी आपली आपल्यालाच शिकावी लागणार आहे. त्यासाठी प्रत्येक गावात पुढची बोअर मारण्याआधी एकदा तरी सगळ्यांना बोलावून बसावं लागेल, आणि त्या बैठकीत ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांनाही जागा द्यावी लागेल.